कादंबरीच्या पहिल्या पानावर वंशावळ द्यावी का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुमची कादंबरी साताऱ्याकडच्या एका घराण्याची, १९१८ ते १९९०, चार पिढ्यांची. पात्रं ४६. थोरल्या पातीला (शाखेला) मूल नाही म्हणून धाकट्या पातीतला मुलगा दत्तक गेलाय. एका भावाची दोन लग्नं. आजोबांचं नाव नातवाला. आणि एका मुलाचा खरा बाप कोण, हे तिसऱ्या भागात कळतं. तिघांना वाचायला दिलीत, तिघंही गोंधळले. त्यातल्या एकानं सांगितलं, सुरुवातीला वंशावळ टाक, प्रश्न मिटेल. टाकावी का, किती तपशिलाची टाकावी, टाकली तर लिखाणात काही कमी आहे असं दिसेल का, आणि त्या मुलाच्या बापाची जागा तिच्यात रिकामी ठेवावी का, हे तुम्ही विचारलंय.

मी पंचवीसएक वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते. त्यातली बरीच घराण्यांची होती. मराठीत घराण्याची कादंबरी लिहायची हौस मोठी आहे आणि ती मला मनापासून आवडते. माझं मत असं: तुमच्या पुस्तकाला वंशावळ बहुधा लागेल. पण ती वाचकाला माणसांची आठवण करून देईल, ओळख करून देणार नाही. ओळख प्रकरणांनीच करून द्यायची असते. ते काम वंशावळीवर ढकललं की वाचक पहिल्या पानावरची ४६ नावं बघतो आणि पुस्तक पालथं ठेवतो.

म्हणून आधी त्या तिघांकडे परत जा आणि एकच गोष्ट विचारा: नेमके कुठल्या पानावर अडलात? ‘गोंधळलो’ या शब्दात दोन वेगळ्या अडचणी असतात. एक, हा माणूस कोण, याला आधी भेटलोय का, हेच आठवत नाही. दोन, माणूस चांगला आठवतो, पण तो हिचा दीर की भाचा हे लक्षात राहत नाही. वंशावळ फक्त दुसऱ्या अडचणीवर चालते. पहिलीवर ती काहीच करत नाही, कारण माणूसच डोळ्यांसमोर नसेल तर तक्त्यातलं त्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं. मी वाचणाऱ्यांच्या हातात पेन्सिल देते आणि सांगते, मागची पानं उलटावीशी वाटली की समासात एक रेघ मारा. रेघा पहिल्या चाळीस पानांत दाटल्या असतील तर दोष पात्रप्रवेशाचा आहे. पुढे पुस्तकभर विखुरल्या असतील तर नात्यांचा.

पात्रप्रवेशाचा दोष घराण्याच्या कादंबरीत जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडतो: पहिल्या प्रकरणातलं लग्न किंवा तेरावं. लेखकाला वाटतं, सगळे एका मांडवाखाली आणले की सगळ्यांची ओळख होऊन जाईल. दहा पानांत बावीस नावं येतात आणि एकही राहत नाही. त्यापेक्षा माणूस एखाद्या घडलेल्या गोष्टीला टांगून आणा.

यासाठी महाभारताकडे बघा. आपल्यापैकी बहुतेकांनी कुरुवंशाचा तक्ता कधी पाहिलेला नसतो, तरी तो आपल्याला येतो. आजीनं तक्ता काढून दाखवला नव्हता. तिनं सांगितलं की व्यासांचं रूप पाहून अंबिकेनं डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा झाला, अंबालिका पांढरी पडली म्हणून पंडू तसा झाला, आणि तिसऱ्या वेळी राणीनं दासीला पाठवलं, तिच्या पोटी विदुर आला. प्रत्येक जन्माला एक दिसणारी गोष्ट चिकटलेली आहे. भीष्म प्रतिज्ञेला टांगलेला, कर्ण पेटीला. शंतनूपासून परीक्षितापर्यंत इतकी गुंतागुंत, नियोग, दासीपुत्र, पाच नवऱ्यांची एक बायको, तरी सहा वर्षांचं पोर गडबडत नाही. तुमच्या ४६ जणांपैकी किती जणांना अशी एक गोष्ट आहे? नसेल तिथे ती द्या. मिशीला पीळ किंवा पायाला लंगड देऊन भागत नाही. ती गोष्ट नात्यातूनच आलेली हवी.

आता नावं. आजोबांचं नाव नातवाला हा आपल्याकडचा खरा रिवाज आहे, तो बदलू नका. पण त्याच रिवाजात अडचणीवरचा उपायही आहे. सून सासऱ्याचं नाव उच्चारत नसे. म्हणजे नातू गणपत असला तरी त्याची आई त्याला गणपत म्हणून हाक मारूच शकत नव्हती. म्हणून घराघरांत बाळ, आप्पा, भाऊ, तात्या झाले. तुमच्या धाकट्या गणपतला आईनं दिलेलं हाकेचं नाव द्या आणि निवेदनात शेवटपर्यंत तेच वापरा. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेत, सातबारावर येऊ द्या. दोन गणपत असल्याचा त्रास आपोआप संपतो.

बायकांच्या बाबतीत उलटं घडतं. तिथे एका माणसाला दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं. माहेरची हौसा सासरी येऊन लक्ष्मी झाली की वाचकाच्या मनात दोन बायका तयार होतात. तिच्या नजरेतून सांगत असाल तर ती हौसाच राहू दे, घरचे तिला लक्ष्मी म्हणोत. निवेदनात एका माणसाला एकच नाव आणि संवादात हवी तितकी, हा नियम मी लेखकांशी भांडून पाळायला लावते. कारण मराठीत एकाच बाईला पुतण्या काकू म्हणतो, नणंद वहिनी म्हणते, भाचा मामी म्हणतो, नातू आजी म्हणतो. संवादात हीच आपली श्रीमंती आहे. ‘आत्या’ म्हटलं की बापाची बहीण, ‘मावशी’ म्हटलं की आईची. एका हाकेत अर्धी वंशावळ सांगून होते, तिला जपा. पण निवेदकच कधी ‘काकू’, कधी ‘वहिनीबाई’, कधी ‘लक्ष्मी’ म्हणू लागला तर वाचकाला धरायला खुंटीच उरत नाही.

इतकं करून झालं की वंशावळीकडे या. इथे दोन वेगळ्या वंशावळी आहेत, एक तुमची आणि एक वाचकाची.

तुमची वंशावळ भिंतीएवढी असू दे. मी मोठा कार्डशीट घेते, डावीकडून उजवीकडे वर्षं मांडते आणि प्रत्येक माणसाची जन्म, लग्न, मृत्यू आणि पोरांच्या जन्माची सालं लिहिते. मग प्रत्येक मोठ्या प्रसंगाची उभी रेघ मारते आणि त्या दिवशी कोण किती वर्षांचं होतं ते बघते. यातून जे बाहेर येतं त्यानं लेखक दर वेळी हादरतात. मुलापेक्षा नऊ वर्षांनीच मोठी आई, मेल्यानंतर चार वर्षांनी लग्नाला आलेला मामा, हे मी खरोखर पाहिलेलं आहे.

आणि नुसत्या वयांवर थांबू नका, कायदाही ताडून बघा, कारण तुमचा काळ नेमका कायदे बदलण्याचा आहे. बालविवाह रोखणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. लग्नासाठी मुलीचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरलं. तो लागू होण्याआधी घाईनं उरकलेली लग्नं पुष्कळ होती. तुमच्या दुसऱ्या पिढीतलं लग्न १९२९-३० च्या आसपास असेल तर तारीख इकडची तिकडे झाल्यानं घरातली चर्चाच बदलते. पहिली बायको असताना दुसरी करण्यावर मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्यानं बंदी आली. मी एकदा असं हस्तलिखित वाचलं, त्यात १९५० साली असं लग्न वाजतगाजत लागत होतं आणि कुणाच्या मनात शंकाही येत नव्हती. तुमचं दुसरं लग्न १९१८ च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत पहिली गेल्यावरचं असेल तर तो प्रश्न नाही. दत्तकाचंही तसंच. १९५६ च्या कायद्यापूर्वी दत्तक म्हणजे साधारणपणे मुलगाच. मुलगी दत्तक घेण्याची वाट त्या कायद्यानं मोकळी झाली. १९४० साली थोरल्या पातीनं भावाची मुलगी ‘दत्तक’ घेतली असं लिहिलंत तर ते घरात वाढवणं होईल, वारसा नव्हे. कादंबरी वाड्याच्या वाटणीवर उभी असेल तर हा फरक कळीचा ठरतो.

ही भिंतीवरची वंशावळ वाचकाला द्यायची नाही. ती तुमच्या कामाची. लेखक चुकतो तो इथे: स्वतःसाठी केलेला तक्ता इतका सुंदर होतो, त्यामागे इतके महिने गेलेले असतात, की तो छापावासा वाटतो. ती ओढ मला कळते. तरी सांगते, छापू नका.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. कामाला लागून चारपाच वर्षं झाली असतील. तीन पिढ्यांच्या एका कादंबरीला मी आग्रहानं वंशावळ घालायला लावली. नीटनेटकी, प्रत्येक नावाखाली जन्म-मृत्यूची सालं. पुस्तकातला धाकटा भाऊ सत्तराव्या पानावर घर सोडून जातो, आणि तो जिवंत आहे की नाही या टांगणीवर पुढची दीडशे पानं उभी आहेत. वंशावळीत त्याच्या नावाखाली मृत्यूचं साल होतं, पुढे बायकोचं नाव होतं, दोन मुलं होती. पुस्तक छापून आल्यावर एका वाचक बाईंचं पत्र आलं: मला पहिल्याच पानावर सगळं कळलं होतं, मग मी वाट कशाची बघायची? लेखकानं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. पण दोष माझाच होता. मी वंशावळीला निरुपद्रवी पुरवणी समजले होते. ती पुरवणी नसते. ती कादंबरीतलं पहिलं निवेदन असते आणि तिला सगळं आधीच ठाऊक असतं.

तेव्हापासून कुठल्याही वंशावळीला मी दोन प्रश्न विचारते: ही कुठल्या दिवशी काढलेली आहे? आणि कुणी काढलेली आहे?

पुन्हा कर्णाकडे येऊ. युद्धाच्या आदल्या रात्री युधिष्ठिरानं घराण्याचा तक्ता काढला असता तर कर्ण त्यात अधिरथाचा मुलगा म्हणूनही आला नसता, कारण तो घरचाच नव्हता. त्याच रात्री कुंतीनं काढला असता तर तो सगळ्या पांडवांच्या आधी आला असता. युद्ध संपून तिलांजलीची वेळ येते तेव्हा कुंती सांगते आणि युधिष्ठिराचा तक्ता बदलतो. दोन्ही तक्ते आपापल्या जागी खरे आहेत, आणि मधल्या फरकात केवढी मोठी गोष्ट आहे. तुमच्या तिसऱ्या भागातलं गुपित नेमकं याच जातीचं दिसतं.

म्हणून माझी सूचना अशी. एक मोठी वंशावळ सुरुवातीला देऊ नका. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्या दिवसापर्यंतची, घरातल्यांना ठाऊक असलेली वंशावळ द्या. पहिल्या भागात दहाबारा नावं. दुसऱ्यात त्यात सुना आणि पोरं वाढतील. वाचकाला एकदम ४६ जणांना सामोरं जावं लागत नाही, घर जसं वाढतं तशी वंशावळ वाढते. पात्रं ४६ असली तरी गडी, शेजारी, मास्तर, वकील वगळले तर वंशावळीत तीसच्या आत माणसं उरतील. उरलेल्यांची गरज वाटली तर घरवार छोटी यादी करा, पण शक्यतो तीही नको.

एक तोटा सांगायला हवा. भाग सलग काळाचे असले तरच ही पद्धत चालते. तुमची कादंबरी १९९० मधून मागे-पुढे उड्या मारत असेल तर भागवार वंशावळ वाचकाला आणखी गोंधळात टाकेल. मग एकच वंशावळ द्या, सालं न घालता, गुपित न फोडता. तुमची रचना कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगितलं.

‘कुणी काढली’ हा प्रश्न तर मला अधिकच आवडतो. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापायची परंपरा आहे. जुन्या कुलवृत्तांतांतल्या वंशावळी उघडून बघा: मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. मुलींच्या रेघा बहुतेक ठिकाणी नाहीतच. सून आली तर अमक्याची बायको म्हणून. तुमच्या पहिल्या भागाची वंशावळ अशी, घरातल्या कर्त्या पुरुषानं काढल्यासारखी असू शकते. आणि शेवटच्या भागात पणतीनं काढलेली, जिच्यात आत्या आहेत, त्यांची पोरं आहेत, पहिली बायको नावासकट आहे. वाचक दोन्ही पानं शेजारी धरून बघेल. असं झालं तर वंशावळ कथेचाच भाग होते, आणि लिखाणात कमी आहे का ही शंका कुणाला येत नाही.

याच वाटेनं आणखी पुढे जाता येतं: वंशावळ छापण्याऐवजी ती कुणाच्या तरी तोंडून येऊ द्या. त्यासाठी आपल्या जगण्यात जागा आहेत. श्राद्धाला बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. नवी सून पहिल्यांदा ती कानांनी ऐकते आणि तिच्याबरोबर वाचकही ऐकतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. अस्थी घेऊन गेलेल्या मुलासमोर वही उघडली जाते आणि त्यानं कधी न ऐकलेलं एक नाव वाचलं जातं. जमिनीच्या वारसनोंदीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. तिथे कुणाचं नाव घालायचं आणि कुणाचं गाळायचं यावर भाऊबंदकी पेटते. तलाठ्याच्या टेबलावरच्या कागदातून तुमच्या ४६ जणांपैकी निम्मे तरी, भांडता भांडता, वाचकाच्या कायमचे लक्षात राहतील. अठराव्या शतकातल्या ‘लाल दालनातील स्वप्न’ या चिनी कादंबरीत अवाढव्य जिया घराण्याची माहिती दुसऱ्याच प्रकरणात एक व्यापारी आपल्या ओळखीच्या माणसाला गप्पांत सांगतो. शिवाय तिथे एका पिढीच्या पुरुषांच्या नावांत सामाईक खूण असते, अक्षराचा एक समान भाग, त्यामुळे चिनी वाचकाला नाव पाहताच पिढी कळते. आपल्याकडे ती सोय नाही. पण तुमच्या चार पिढ्यांची नावं काळाप्रमाणे बदलली, पहिलीत रामजी-विठोबा, तिसरीत सुरेश-रमेश, चौथीत अमोल-सचिन, तर थोडंफार तेच काम होतं.

उलट बाजूही आहे, आणि वंशावळ टाक म्हणणाऱ्या त्या वाचकाला ती नक्की सांगा. गाब्रिएल गार्सिया मार्केसची ‘शंभर वर्षांचं एकाकीपण’ १९६७ मध्ये स्पॅनिशमध्ये आली तेव्हा त्यात वंशावळ नव्हती. १९७० च्या इंग्रजी अनुवादात ती घातली गेली. अनुवादक ग्रेगरी रबासा यांनी पुढे आठवणींत लिहिलं की तेव्हा त्यांना ती कल्पना चांगली वाटली, पण नंतर शंका आली: लेखकाला हवी असती तर त्यानंच दिली असती. त्या घराण्यात तीच दोन नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरतात, एका कर्नलचे सतरा मुलगे सगळे बापाच्याच नावाचे. तिथे माणसं एकमेकांत मिसळून जाणं हाच अनुभव आहे. तुमच्या पुस्तकात आजोबा आणि नातू यांचं नाव एक ठेवण्यामागे असं काही असेल, नातू आजोबांचंच आयुष्य पुन्हा जगतोय असं असेल, तर थोडा गोंधळ राहू द्या. सगळाच गोंधळ निपटायचा नसतो.

आता दत्तकाची रेघ. ती काढताना सगळेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर. दत्तकाला दोन बाप असतात, एक रक्ताचा, एक कायद्याचा. रक्ताच्या घरात त्याचं नाव ठेवा, पण कंसात ‘दत्तक गेला’ लिहा. कायद्याच्या घरात तुटक रेघेनं जोडा. नाव बदललं असेल तर दोन्ही नावं द्या. सयाजीराव गायकवाडांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. यातलं एकच नाव दिलं तर अर्धा माणूस हरवतो. पिढीही बदलते, तिकडे लक्ष द्या. सवाई माधवराव १७९५ मध्ये गेल्यावर त्यांची विधवा यशोदाबाई यांच्या मांडीवर १७९६ मध्ये चिमाजी अप्पाला दत्तक दिलं गेलं. हा रघुनाथरावांचा मुलगा, दुसऱ्या बाजीरावाचा धाकटा भाऊ, म्हणजे सवाई माधवरावांचा चुलत काका. तो एका दिवसात आपल्या पुतण्याचा मुलगा झाला आणि त्याचा सख्खा थोरला भाऊ नात्यानं त्याचा चुलत आजोबा झाला. हे दत्तक पुढे टिकलं नाही, पण कागदावर काढून बघा, रेघ खालून वर आणि वरून खाली जाते. तुमचं दत्तक काकानं पुतण्याला घेतलेलं आहे, पिढी तीच राहते, त्यामुळे एक तुटक रेघ पुरेल. दाखवायचा तो ताण वेगळा आहे: एकाच वाड्यात सख्ख्या बापाला त्यानं काय म्हणून हाक मारायची? ती हाक प्रकरणात दाखवा, वंशावळीत ती मावणार नाही.

मामाच्या मुलीशी लग्न तुमच्याकडे असेल तर (साताऱ्याकडे ते नवल नाही) तक्त्यात रेघ आडवी जाऊन बाकीच्या रेघांना छेदते. ओढाताण करू नका. त्या मुलीचं नाव दोन्ही ठिकाणी लिहा आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वर पाहा’ एवढं म्हणा. वाचकाला छेदणाऱ्या रेघांपेक्षा दोनदा आलेलं नाव सोपं जातं.

छपाईचं थोडक्यात. डेमी आकाराच्या पानावर मजकुराची रुंदी चार-सव्वाचार इंच. वाचता येईल अशा टायपात तिथे एका ओळीत पाचसहा नावं बसतात, त्यापुढे डीटीपीवाले टाइप बारीक करतात आणि चाळिशीपुढच्या वाचकाला भिंग लागतं. दोन समोरासमोरच्या पानांवर पसरली तर मधली नावं शिवणीत जातात. ई-बुकात चित्र म्हणून टाकलेली वंशावळ फोनवर वाचता येत नाही, आणि पुस्तक ऐकणाऱ्याला तर ती नसतेच. म्हणून मी हल्ली रेघांचा तक्ता सोडून उतरंडीची यादी सुचवते. तुमची नावं मला ठाऊक नाहीत, ही मनानं घेतली आहेत:

रामजी
१. थोरला गणपत, बायको रखमा. दत्तक: शंकर
२. धाकटा विठोबा
  पहिली बायको सगुणा: हौसा, शंकर (थोरल्याकडे दत्तक गेला)
  दुसरी बायको कृष्णा: बाळू, ताई

कागदावर, फोनवर, कुठेही हे मोडत नाही. ‘थोरला’, ‘धाकटा’ हे शब्द ठेवा, ते सालांपेक्षा जास्त सांगतात. सालं घालू नका. मृत्यूची तर मुळीच नाही.

राहिलं गुपित. ‘वंशावळीत त्या मुलाच्या बापाची जागा रिकामी ठेवू का?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको. रिकामी जागा म्हणजे बोट दाखवणं, वाचक लगेच तिथे खणायला लागतो. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला घर जे मानतं तेच छापा, चुकीच्या बापासकट. गुपित त्या भागात फुटेल. मग चौथ्या भागाच्या सुरुवातीला वंशावळ पुन्हा येईल तेव्हा त्या एका मुलाचं नाव जागा बदलून आलेलं असेल, शेजारी काहीही खुलासा न करता.

वाचलेल्या तिघांकडून रेघा मारलेल्या पानांचे आकडे मिळाले की इथे टाका. त्यावरून कुठलं प्रकरण सोडवायचं ते बघू. वंशावळ त्यानंतर, अगदी शेवटच्या प्रुफाच्या वेळी केली तरी चालते.